एकशे एकोणचाळीस पॉइंट सतरा

आमच्या घरी जुलै महिन्यात एका आकड्याची वाट पाहिली जायची. १३९.१७. पाऊस सुरू झाला की वर्तमानपत्रात मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांचा तक्ता यायचा, अजूनही येतो. बाबा तो तक्ता खालून वर वाचायचे, कारण तुळशी बहुतेक वेळा तळाशी असायची. १३७ काहीतरी, १३८ काहीतरी, असं चढत चढत एक दिवस १३९.१७ मीटर यायचं आणि बाबा चहाचा कप खाली ठेवून जाहीर करायचे, "तुळशी वाहायला लागली."

आई लग्न होऊन राजापूरहून गिरगावात आली, त्या पहिल्या पावसाळ्यात हे ऐकून ती गॅलरीतल्या कुंडीतलं पाणी ओतून द्यायला धावली होती. ही गोष्ट आमच्या चाळीत पुढे कितीतरी वर्षं सांगितली गेली, आणि दर वेळी आई तितकीच चिडायची.

बाबा महापालिकेत चावीवाले होते. मुंबईबाहेरच्यांसाठी सांगायला हवं, कुलपांशी याचा काही संबंध नाही. रस्त्यात लोखंडी झाकणं असतात, त्यांच्याखाली पाण्याच्या व्हॉल्व्ह. पुरुषभर उंचीची, इंग्रजी टी अक्षरासारखी जाडजूड चावी खाली उतरवायची आणि फिरवायची. अमक्या गल्लीचं पाणी चालू, तमक्या गल्लीचं बंद. पहाटे चार वाजता हे काम चालायचं. किती आटे फिरवले की कुठल्या माळ्यापर्यंत पाणी चढतं, हे बाबांच्या हातात होतं, कागदावर नव्हतं. ते आटे मोजताना कुणी हाक मारली तर ओ द्यायचे नाहीत. नंतर घरी येऊन आंघोळ करायचे, तीसुद्धा दोन बादल्यांत. आमच्याकडे नळ मोकळा सोडणं हा शिव्या खाण्याइतका गुन्हा होता.

गंमत अशी, की ज्या तुळशीचा आकडा त्यांना पाठ होता ती त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. शेजारचा विहार तलावही नाही. गिरगावातून बोरिवली तेव्हा परगावासारखी होती, आणि रविवारीही पहाटेची पाळी चुकत नसे.

मी चौथीत असताना शाळेची सहल नॅशनल पार्कला गेली. वनराणी गाडी, गांधी टेकडी, पिंजऱ्याच्या बसमधून सिंह, आणि शेवटी होड्यांचं तळं. संध्याकाळी घरी येऊन मी बढाई मारली, मी तुळशी पाहिली म्हणून.

बाबांनी विचारलं, "भिंत होती?"

"कसली भिंत?"

"धरणाची."

नव्हती.

"मग ती तुळशी नव्हे. ते डबकं असेल."

डबकं हा शब्द मला तेव्हा फार लागला. पण बरोबर होता. बोरिवलीच्या दरवाजातून आत गेल्यावर होड्या असतात ते छोटं तळं म्हणजेच पार्कातला तलाव, अशी समजूत करून घेऊन आजही निम्मे लोक परततात. खरे तलाव डोंगराच्या पलीकडच्या कुशीत आहेत, आणि त्यांच्यापर्यंत जायला कुणालाच परवानगी नाही.

मुंबई मुळात पाण्याची भिकारी. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, दोन टाकी ही नावं आम्ही रोज घ्यायचो आणि त्यातलं पाणी कुठे गेलं हे कधी मनात येत नसे. ही सगळी खरोखरची तळी होती आणि शहर त्यांच्यावर आणि विहिरींवर जगत होतं. वस्ती वाढली तशी ती उन्हाळ्यात कोरडी पडू लागली, उरलं ते पाणी घाण. शेवटी साष्टीच्या डोंगरात मिठी नदीच्या खोऱ्यात बांध घालून पाणी नळानं शहरात आणायचं ठरलं. हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरच्या आराखड्यावरून १८५६ साली विहारचं काम सुरू झालं आणि १८६० पर्यंत मुंबईला पहिलं नळाचं पाणी मिळालं. तेही वीस वर्षांत अपुरं पडलं. म्हणून १८७९ साली विहारच्या वरच्या अंगाला तुळशी. मग १८९१ च्या सुमारास पवई, जिचं पाणी पिण्यालायक निघालं नाही. तोवर तानसाचं काम झालं आणि मुंबईची तहान डोंगर सोडून शहापूरकडे निघून गेली.

या सगळ्यात तुळशीचा थाट वेगळा, तो तिच्या उंचीमुळे. विहार भरून वाहतो तो ८०.१२ मीटरला. तुळशी त्याच्याहून जवळजवळ साठ मीटर वर. त्या काळी पंपाशिवाय पाणी पोहोचवायचं तर उंची हीच ताकद. विहारचं पाणी माझगावच्या भंडारवाड्याच्या टेकडीवरच्या टाकीत यायचं. मलबार हिलसारख्या उंच जागी चढायला तुळशीचं पाणी लागलं, आणि त्यासाठी टेकडीवर टाकी बांधली. त्या टाकीच्या छपरावर माती पसरून बाग केली, ती हँगिंग गार्डन.

बाबा आम्हाला महिन्यातून एखाद्या रविवारी तिथे न्यायचे. बाकीची मुलं समोरच्या म्हातारीच्या बुटाकडे पळायची. बाबा हिरवळीवर उभे राहून टाचेनं जमिनीवर दोनदा ठोकायचे आणि म्हणायचे, "खाली आहे." तुळशीशी त्यांची ओळख एवढीच. टाचेखालची.

लग्नानंतर मी बोरिवलीला आले, मागाठाण्याच्या बाजूला. पहिली काही वर्षं संसारात गेली. मग चाळिशीत डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि पार्कात जाऊ लागले. सकाळी सहाला दरवाजापाशी रांगेत उभं राहायचं, ते घामाघूम होऊन परत यायचं. दरवाजापासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटरचा रस्ता आहे. पहिला टप्पा माणसांचा: कोपऱ्याकोपऱ्यावर हास्यक्लब, योगासनं, मोठ्यानं भजनं लावलेले मोबाइल. दुसऱ्या टप्प्यात ही मंडळी गळतात. पाड्यावरच्या वारली बायका टोपल्यांत मोसमाप्रमाणे काकड्या, करवंदं, जांभळं घेऊन चाललेल्या दिसतात. त्यानंतर रस्ता सावलीत शिरतो, आणि आपण एका कोटीहून जास्त वस्तीच्या शहराच्या मधोमध आहोत हे पटवून द्यायला फक्त विमानांचा आवाज उरतो.

एकदा त्या रस्त्यावरून तुळशीकडे फुटणाऱ्या फाट्याशी मी थांबले. आडवा दांडा, पाटी, पहारेकरी. मी उगाच म्हटलं, लांबून बघून येते. तो खुर्चीतून उठलाही नाही. "पाणी रोज पिता ना मॅडम? मग झालं की." बाबांना हे सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की त्या माणसाचं नाव विचारू लागले. मी वैतागले होते, आणि त्यांना तो आपल्या खात्यातला गडी वाटत होता.

बाबांना डोंगरावर न्यायचं ठरलं ते २०१६ च्या सप्टेंबरात. ते पंचाहत्तरीला आले होते, गुडघे अजून धड होते, आणि त्या वर्षी कारवी फुलली होती. कारवी सात वर्षं नुसती वाढते, आठव्या वर्षी फुलते, बी टाकते आणि मरते. मुंबईच्या डोंगरात तिचं ते वर्ष २०१६ चं होतं. कान्हेरीच्या पायथ्यापर्यंत बसनं गेलो. चढावर दोन्ही बाजूंना जांभळी फुलं आणि मधमाश्यांचा एकसुरी आवाज, बाजूला गर्दी करून फोटो काढणारी माणसं. बाबा फुलांकडे बघेनात. त्यांनी एक वाळलेली काठी वाकवून बघितली आणि म्हणाले, "आमच्याकडे याचा कूड. वर शेणमाती. माझा जन्म कारवीच्या भिंतीत झाला." हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

कान्हेरी लोक बघतात ती तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहासाठी, दाराशी दोन्ही हातांना वीस फुटांहून उंच बुद्ध उभे आहेत त्यांच्यासाठी. शंभरावर लेणी एकाच डोंगरात. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास खोदायला लागले ते पुढची हजारेक वर्षं इथे वस्ती होती. डोंगराचं नाव शिलालेखांत कण्हगिरी, म्हणजे कृष्णगिरी, काळा डोंगर. नव्वदाव्या लेण्यात तर १००९ आणि १०२१ साली येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी पहलवी लिपीत कोरलेले लेख आहेत. दगडावर नावं लिहून जायची आपली खोड जुनीच.

बाबा बुद्धांना नमस्कार करून लगेच बाहेर आले. त्यांची नजर वर होती, खडकावर. "हे काय आहे?"

लेण्याच्या कपाळावर, खडकाच्या उतारावर, बोटभर रुंदीची एक पन्हळ कोरलेली होती. तिरकी. ती पुढे दुसरीला मिळत होती, आणि दोघींची मिळून एक पन्हळ खाली उतरून दाराशेजारच्या चौकोनी तोंडाच्या टाकीपाशी संपत होती. कान्हेरीत जवळजवळ प्रत्येक लेण्याला अशी टाकी आहे. त्याला पोढी म्हणतात, आणि हा शब्द आजच्या पुरातत्त्ववाल्यांनी काढलेला नाही, तिथल्याच प्राकृत शिलालेखांत दान म्हणून लेण्याबरोबर पोढी दिल्याची नोंद आहे. कल्याणचे, सोपाऱ्याचे व्यापारी दाते आहेत. एका लेखात मंगलस्थान नावाच्या गावचं शेत भिक्खूंच्या खर्चासाठी लावून दिलंय. ते मंगलस्थान म्हणजे आमचं मागाठाणं. मी ज्या बिल्डिंगमध्ये राहते तिच्याखाली कधीकाळी त्या शेताचा बांध असेल, असं मी स्वतःला सांगत असते. पुरावा काही नाही.

बाबांनी माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली, पन्हळीच्या वरच्या टोकाला झाकणभर पाणी ओतलं आणि वाकून बघत राहिले. पाणी क्षणभर थबकलं, धुळीची एक गोळी पुढे ढकलली, मग सरळ वाट धरून खाली गेलं. कुठेही बाहेर सांडलं नाही. बाबांनी पुन्हा एक झाकण ओतलं. मग टाकीच्या तोंडाशी उकिडवे बसले आणि कडेला कोरलेल्या खाचेवरून अंगठा फिरवला. "इथे झाकण बसत असणार. लाकडी." आत हिरवट पाणी होतं, वर एक पान.

"साफ कोण करायचं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, भिक्खूच करत असतील.

"छे. त्यासाठी माणूस असणार," ते म्हणाले. "हे कुणाचं तरी रोजचं काम असणार. नाहीतर दोन वर्षांत गाळानं भरेल."

दान देणाऱ्याचं नाव शिलालेखात येतं. पाचव्या लेण्यापाशी सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र सातकर्णी याच्या राणीच्या एका अमात्यानं, शतेरकानं, दिलेल्या पाण्याच्या टाकीचा लेख आहे. राणी शकांच्या घराण्यातली, महाक्षत्रपाची मुलगी. एवढ्या मोठ्या सोयरिकीची आठवण राहिली ती एका पाण्याच्या टाकीमुळे. पण गाळ काढणाऱ्याचं नाव कुठेच नाही. बाबांनी हे बोलून दाखवलं नाही. मला आपलं वाटलं.

वर पठारावर पोहोचायला आम्हाला पाऊण तास लागला. खडकात कोरलेल्या पायऱ्या, मध्ये तीनदा विसावा. एका माकडानं बाबांच्या हातातली काकडी इतक्या सराईतपणे नेली की बाबांचा हात मीठ लावल्याच्या पोझमध्येच राहिला. वर वारा होता. पश्चिमेला बोरिवलीचे टॉवर, त्यांच्यामागे खाडीकडची झळाळी. मी बाबांना खांद्याला धरून दुसरीकडे वळवलं, आग्नेयेला.

हिरव्या रानाच्या खोलगटात तुळशी होती. पूर्ण भरलेली. पाऊस नुकता उघडल्यामुळे पाण्याचा रंग निळा नव्हता, शिशासारखा होता. काठ दिसतच नव्हता, झाडं सरळ पाण्यात उतरल्यासारखी. आणखी खाली दक्षिणेला विहारचं मोठं, पसरट पाणी, आणि त्याच्याही मागे पवईच्या उंच इमारती.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, गहिवरले. मी फोटो काढायला मोबाइल वर केला.

"लहान आहे गं," ते म्हणाले.

खरंच लहान आहे. पूर्ण भरली तरी ८०४.६ कोटी लीटर. विहार तिच्या तिप्पट-चौपट, २,७६९.८ कोटी. तुळशीतून रोज सरासरी १.८ कोटी लीटर पाणी शहराला मिळतं आणि शहर रोज चारशे कोटींच्या आसपास पितं, म्हणजे अर्धा टक्काही नाही. उद्या तुळशी बंद ठेवली तर मुंबईला कळणारसुद्धा नाही. हे हिशेब बाबांना माझ्याहून चांगले येतात. तरीही ते चाळीस वर्षं त्या ओळीवर बोट ठेवून होते, आणि मनात त्यांनी केवढं पाणी धरलं होतं कोण जाणे.

मग त्यांनी बोटानं दाखवायला सुरुवात केली. तुळशी भरून वाहिली की पाणी विहारला मिळतं. विहार भरला की मिठीला. मिठी पुढे पवईचं जादा पाणी घेऊन कुर्ला, वांद्रे करत माहीमच्या खाडीत. "सगळं उतारावर," ते म्हणाले, "कुणाला काही करावं लागत नाही." २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला तेव्हा याच उतारानं कुर्ल्याचं काय केलं तेही त्यांना ठाऊक होतं. ते मात्र त्यांनी त्या दिवशी काढलं नाही.

मी विचारलं, खाली जाऊन बघता आलं असतं तर आवडलं असतं ना? परवानगी काढायचा प्रयत्न करू का, तुमच्या खात्यातून?

"कशाला?" बाबा खरोखर गोंधळले. "खाली गेलं की लोक हात घालतात पाण्यात."

मला हे पटायला वेळ लागला. मी फिरायला जाणाऱ्या पिढीतली. डोंगर दिसला की चढायचा, तळं दिसलं की पाय बुडवायचे, आणि दोन्हींच्या काठाशी चहा मिळाला पाहिजे. पण ज्या तळ्यांना माणसांचे पाय लागले त्यांचं काय झालं हे आपण बघतोच. पवईला दर वर्षी जलपर्णी काढायला यंत्रं लावतात. तुळशीत अजून मगरी आहेत, काठाला बिबटे पाणी पितात, आणि वारली मंडळी ज्या वाघोबाला हात जोडतात त्याच्या हद्दीत रात्री एकही दिवा लागत नाही. आधी पिण्याचं पाणी म्हणून पाणलोटात माणूस नको, मग जंगल म्हणून नको. दीडशे वर्षं दोन वेगवेगळ्या कारणांनी एकच दांडा आडवा राहिला. जंगल राखायचं म्हणून तळं राहिलं, की तळं राखायचं म्हणून जंगल, हे आता वेगळं करता येणार नाही. माझ्या मते दुसरं.

त्यानंतर बाबांना वर नेणं जमलं नाही. २०२४ ला कारवी पुन्हा फुलली तेव्हा मी पार्काच्या वाटाड्याबरोबर, रीतसर परवानगी काढून, जांभूळमाळापर्यंत गेले. पार्कातला हा सर्वांत उंच माथा, साडेचारशे मीटरच्या वर. तिथून तळी एकाखाली एक दिसतात, घरातल्या ओट्यावर मांडलेल्या पातेल्यांसारखी. मी व्हिडिओ काढून आणला. बाबांनी तो एकदाच बघितला. "भरलेली आहे," म्हणाले, आणि फोन परत दिला.

आता ते चौऱ्याऐंशीचे आहेत आणि माझ्याकडेच राहतात. सकाळी बाल्कनीत बसतात. मी पार्कातून परत आले की विचारतात, "वर गेली होतीस?" परवा एप्रिलच्या उन्हात गेले होते. रान तांबूस झालंय, पळस संपत आलाय, पांगाऱ्याच्या शेंगा लोंबतायत. वरून तुळशीचा फोटो काढला. पाण्याभोवती उघड्या पडलेल्या मातीचा तांबडा पट्टा दिसत होता, कपात चहा पिऊन झाल्यावर कडेला राहतो तसा.

बाबांनी चष्मा वर करून फोन डोळ्यांजवळ नेला. दोन बोटांनी फोटो मोठा करायला त्यांना माझ्या मुलीनं शिकवलंय. त्यांनी तो पट्टा मोठा केला, इकडून तिकडे सरकवला, एका झाडापाशी थांबले, पुन्हा मागे आले. ओठ हलत होते. मी हाक मारली नाही.

"साडेतीन मीटर खाली," ते म्हणाले. "एकशे पस्तीस, साडेपस्तीस."

मी पेपर काढून तक्ता बघितला. त्यांचा अंदाज फूटभर चुकला होता.

मी सांगितलं.

"तू फोटो किती वाजता काढलास?" त्यांनी विचारलं. "पेपरातली पातळी सकाळी सहाची असते."